झाकलंय ते दिसतं

...नाही, मला एक सांगा, स्वतःच्या घरातलं इंटरनेट माणसाने वापरायचं की चोरायचं? पैसे मी भरतो, वायर माझ्या भिंतीतून येते, तिच्यासाठी पाडलेलं भोक माझ्या भिंतीला, त्या भोकातून मुंग्या येतात त्या माझ्या घरात, आणि त्या वायरीतून मी काय बघतो ते कळणार कुणाला? तर गल्लीच्या टोकाला, लॉन्ड्रीच्या वर बसलेल्या सिग्नलशेठला!

सिग्नलशेठ म्हणजे आमचा इंटरनेटवाला. आख्ख्या गल्लीला हाच एक. दुसरा घ्यायची सोय नाही, कारण दुसऱ्या कुणाची वायर टाकली की ती आपोआप तुटते. कशी तुटते? 'उंदीर आहेत हो साहेब!' अरे, उंदीर आहेत तर तुझी वायर का नाही कुरतडत? उंदीरसुद्धा याच्याच पगारावर असणार!

तर हा तिकडे पडद्यासमोर बसतो आणि कुठल्या घरातून कुठली साइट उघडली ते बघत राहतो. बरं, बघतोस तर बघ, पण गप्प बस ना! नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका, बिचारे, त्यांना जिन्यात गाठून मोठ्ठ्याने, 'काय काका, केसांच्या टोपाच्या दुकानावर घिरट्या चालल्यात म्हणे!' अहो, काकांचा टोप काकांच्या डोक्यावर पोचायच्या आधी बिल्डिंगभर फिरून आला!

मी हसलो होतो तेव्हा. फार हसलो. मग माझी पाळी आली.

तुम्हाला सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं, माझी नोकरी गेली. विमा कंपनीत होतो. दावे तपासायचो. म्हणजे काय, तर लोकांनी काय लपवलंय ते हुडकून काढायचं. गाडी आत्ता ठोकली की आधीच ठोकलेली होती? पाठ आत्ता धरली की लग्नापासूनच धरलेली आहे? आयुष्य गेलं त्यात! काम घरूनच, मधल्या खोलीत टेबल टाकून. आणि एका सकाळी आमच्या मोठ्या साहेबांचा फोन. यांचं नाव मी ठेवलंय घुबड. घुबड म्हणालं, 'तुमचं काम आता मशीन करणार. पण तुमच्या अनुभवाचा आम्हाला अभिमान वाटतो.' अरे, वाटतो ना अभिमान? मग ठेव की मला!

आणि मी बायकोला सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, का नाही सांगितलं? अहो, सांगणारच होतो! दुसरी मिळाली की एका दमात सांगणार होतो, 'ती सोडली, ही धरली.' 'गेली' आणि 'सोडली' यात फरक असतो हो, संसारात तर फारच असतो! आणि त्यात हिच्या भावाचं प्रकरण ताजं. त्याची नोकरी गेली आणि पठ्ठ्या महिनाभर डबा घेऊन बागेत जाऊन बसत होता. तेव्हा ही जेवताना, भाजी वाढता वाढता, काय म्हणाली माहितीये? 'नोकरी जाते हो, कुणाचीही जाते. पण बायकोपासून लपवली ना! वहिनीच्या जागी मी असते तर पुन्हा त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नसता.' आणि वर मलाच विचारते, 'बरोबर की नाही?' मी घास गिळला आणि म्हटलं, बरोबर.

झालं! रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, दार बंद, आणि आत मी नोकरीच्या साइटी धुंडाळतोय. इथे अर्ज कर, तिथे अर्ज कर. ही शाळेच्या ऑफिसात कामाला जाते, ती दुपारी परत येते, दारावर टकटक करून विचारते, 'मीटिंग आहे का?' मी आतून म्हणतो, 'चालू आहे!' कुणाशी मीटिंग? भिंतीशी! त्या भोकातल्या मुंग्यांशी!

आणि एक दिवस आम्ही दोघं भाजी घेऊन जिना चढतोय, मी पुढे, ही एक मजला मागे, आणि वरून उतरतोय कोण? सिग्नलशेठ! 'काय साहेब, नोकरीच्या साइटींवर मुक्कामच ठोकलाय! बदलताय, की गेली?' असं, तोंडावर! माझ्या हातातले बटाटे घरंगळत खाली. मी म्हटलं, 'हळू बोला, पुतण्यासाठी बघतोय.' मला पुतण्या नाही.

त्याच संध्याकाळी मी व्हीपीएन घेतलं. जाहिरातीत एक बाई गोड हसून सांगत होती, 'आता तुम्हाला कुणीच पाहू शकणार नाही!' व्हीपीएन म्हणजे काय, तर तुमच्या वायरीच्या आत आणखी एक बंद नळी. तुम्ही काय बघता ते सगळं त्या नळीतून, कुलूप लावून. वा! म्हटलं, आता बघ लेका! बघ काय बघतोस ते!

दोन दिवस काय सुखात गेले म्हणता! तिसऱ्या दिवशी फोन. 'साहेब, व्हीपीएन लावलंत वाटतं?'

अहो, माझ्या हातून फोन पडायचा राहिला! म्हटलं, तुला कसं कळलं? ते तर बंद आहे ना? दिसत नाही ना काही? तर हा, जसा काही मास्तर, 'साहेब, आतलं दिसत नाही, पण झाकलंय ते दिसतं!' म्हणे, पूर्वी तुमचं कनेक्शन पन्नास दारं वाजवायचं, सारखं मला पत्ते विचारायचं, ही साइट कुठे राहते, ती कुठे राहते. आता विचारतच नाही! सकाळी उठतं, सरळ एकाच दारात शिरतं, ते संध्याकाळीच बाहेर. आणि ते दार कुठल्या व्हीपीएनवाल्याचं, ते आम्हा धंदेवाल्यांना ठाऊक असतं, त्यांच्या पत्त्यांच्या याद्याच असतात. 'आता आत तुम्ही काय करता, देव जाणे. पण नोकरीच बघत असता, तर झाकलं असतंत का? काय साहेब? भानगड काय आहे?'

बघा! म्हणजे आधी गल्लीत मी नुसता बेकार होतो. पैसे भरून भानगडबाज झालो!

मग त्या व्हीपीएनमध्ये मी एक बटण शोधून काढलं, वेषांतराचं. म्हणजे व्हीपीएन आहे असं वाटूच नये, साधंसुधं ब्राउझिंग वाटावं. दाबलं. पुन्हा फोन! 'साहेब, खोटी दाढी लावलीत तरी दिवसभर एकाच दुकानात कोण बसतं हो? आतलं दिसत नाही, पण...' मी म्हटलं, ठेव फोन!

आणि मग त्या रविवारी नेट गेलं. ही घरात. मी म्हणतोय, राहू दे, एक दिवस नेट नसलं तर काय मरतोय का आपण? पण हिनेच फोन केला, आणि शेठ स्वतः हजर, स्टुलावर चढून भिंतीवरच्या डबीचं झाकण काढतोय. मी खाली स्टूल धरून, डोळ्यांनी खुणा करतोय, गप्प बस, बाबा, गप्प बस. ही स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. आणि हा वरून, आकाशवाणी झाल्यासारखा, 'राउटर दमणारच हो साहेब. एका घरात दोन-दोन व्हीपीएन!'

मी म्हटलं, दोन?

'दोन! एक तुमचं, दिवसभराचं. दुसरं संध्याकाळचं, ते वेगळ्या कंपनीचं.' आणि स्टुलावरून उतरता उतरता, 'ते जुनं आहे. तुमच्याही आधीचं.'

तो गेला. खाली भिंतीचा भुगा पडला होता. ही झाडू घेऊन आली, भुगा गोळा करायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, 'नोकरी गेली ना तुमची?'

म्हटलं, तुला कुणी सांगितलं? सिग्नलशेठने?

'त्याची काय गरज आहे? पूर्वी फोन ठेवला की रोज घुबडाला शिव्या घालायचात. एक दिवस घुबड बंद झालं. आणि त्याच दिवसापासून दार बंद व्हायला लागलं.'

अहो, आयुष्यभर मी लोकांचं लपवलेलं शोधलं, आणि माझा दावा हिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या निकालात काढला! मी म्हटलं, अगं, सांगणारच होतो. ही म्हणाली, 'माझा भाऊही तेच म्हणाला होता.'

मग मात्र मी विचारलं. आणि तुझ्या त्या संध्याकाळच्या नळीत काय आहे?

'तुम्ही तुमचं सांगितलंत?'

आता कळलं ना तुला!

'कळलं. सांगितलं नाहीत.' तिने भुगा सुपलीत भरला, कचऱ्यात टाकला, हात धुतले. आणि अगदी रोजच्या आवाजात, दूध संपलंय म्हणावं तशी, 'दोन वेगवेगळी कशाला भरायची आता? फॅमिली प्लॅन असतो. एकातच दोघांचं भागतं.'

घेतला. फॅमिली प्लॅन! तीच जाहिरातवाली बाई, तेच गोड हसू, फक्त आता तिच्या शेजारी एक नवरापण हसतोय. संध्याकाळी ही गॅलरीत मोबाइल घेऊन बसते, मी आत. दार आता उघडंच असतं. काय करायचंय लावून?

परवा शेठचा फोन आला, काय खूश होता! 'साहेब, आता दोघांचं एकाच पत्त्यावर जातंय! मिटलं वाटतं?'

मी म्हटलं, मिटलं.

आतलं त्याला कुठे दिसतंय!