सहावी प्रत

ताई: पुसली जाते म्हणजे? सगळंच जातं? फोटोबिटोसुद्धा?

धाकटा: सगळं. फोटो, पत्रं, कामाच्या फायली. मी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम कॉम्प्युटरवर बसवायला घेतली की ती आधी अख्खी डिस्क साफ करते, मग स्वतः तिथे बसते.

ताई: न विचारता?

धाकटा: न विचारता.

ताई: कमाल आहे बाई! मी गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायच्या आधी तीनतीनदा विचारते. बाही इथवरच ना, गळा एवढाच ना. चार यत्ता कमी शिकलेल्या शिंपिणीला जे कळतं, ते तुला कळू नये?

धाकटा: अगं, पण विचारायचं कुणाला? अकरा वर्षं ती फक्त माझ्याच मशीनवर बसत होती. पुसू का म्हणून मीच मला काय विचारू?

ताई: आणि तश्शीच लोकांना वाटून मोकळा झालास.

धाकटा: परवा सकाळी. आमचा प्रोग्रॅमर लोकांचा गट आहे ना, त्यात टाकली. हौसेनं केलीय, फुकट आहे, आतला कोड उघडा आहे, हवा तसा बदला, पुढे वाटा, असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत सहा जणांनी घेतली. सहा, ताई!

ताई: मग चूक कळली कधी?

धाकटा: काल दुपारी. एका दुकानात वजनकाटा दुरुस्त करत होतो. त्यातलं जुनं माप काढायला बटण दाबलं, तर काटाच मला विचारतो, 'पुसू का? हो की नाही?' एवढासा काटा विचारतो, आणि माझी सिस्टिम विचारत नाही!

ताई: लगेच कळवायचंस की मग.

धाकटा: तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून सहाही जणांना कळवलं. चालवू नका, थांबा. पाच जणांची उत्तरं आली. दोघांनी उघडलीच नव्हती. दोघांनी अडगळीतल्या मशीनवर बसवली होती. एकाने तर वर आभार मानले, ती डिस्क त्याला पुसायचीच होती म्हणे.

ताई: आणि सहावा?

धाकटा: सहावी. गटात तिला मुंगी म्हणतात, खरं नाव कुणाला ठाऊक नाही. एका दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदींचं सगळं काम एकटी सांभाळते. कालपासून चार निरोप पाठवले. एकाचंही उत्तर नाही.

ताई: कामात असेल रे.

धाकटा: नाहीतर मशीन कोरं होऊन पडलं असेल. कोऱ्या मशीनवरून उत्तर कसं देणार? पेशंटच्या नोंदी गेल्या असतील तर? कुणाचं औषध चुकलं तर? कुणाच्या जिवाशी खेळ झाला असला तर मी काय करू, ताई?

ताई: थांब. आधी पाणी पी. आणि तो टाचण्यांचा डबा खाली ठेव, दोनदा सांडलायस.

धाकटा: कुणाला दाखवली नव्हती तेच बरं होतं.

ताई: काही बरं नव्हतं. दर रविवारी दार लोटून बसायचास. आई विचारायची, हा आत करतो तरी काय? मी म्हणायचे, शिवतोय काहीतरी, कुणाच्या मापाचं ते त्यालाच माहीत. अकरा वर्षं कुणी शिवतं का रे, गिऱ्हाईक न बघता?

धाकटा: भीती वाटायची. गटातले ते सगळे शिकलेसवरलेले. हसले असते, काटे दुरुस्त करणारा निघाला सिस्टिम करायला.

ताई: दे दे म्हणून मागे मीच लागले होते ना तुझ्या? मग निम्मं पाप माझ्या माथी. जे काय होईल ते दोघं मिळून निस्तरू.

(धाकट्याचा फोन वाजतो.)

धाकटा: नंबर ओळखीचा नाही.

ताई: मग उचल की! बघत काय बसलायस?

धाकटा: तिचाच असणार. सिस्टिमसोबतच्या माहितीत मी माझा नंबर दिला होता. अडचण आल्यास चारनंतर फोन करावा.

ताई: धन्य आहेस! आण इकडे, स्पीकरवर टाकते. हं, बोल.

धाकटा: ह... हॅलो?

आवाज: नमस्कार. गटात मला मुंगी म्हणतात. तुमचे चारही निरोप आत्ता एकदम वाचले.

धाकटा: तुमची डिस्क... तुमच्या नोंदी...

मुंगी: डिस्क शाबूत आहे.

ताई: अहो, पुन्हा एकदा सांगता का? मी ह्याची ताई. ह्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नाहीये.

मुंगी: शाबूत आहे. मी चालवलीच नाही अजून. दवाखान्याचं मशीन तर वेगळंच असतं, त्याच्या जवळपासही मी असलं काही नेत नाही. घरच्या मशीनवरसुद्धा नवी सिस्टिम मी आधी वाचते, मग चालवते. तुमची वाचायला दोन दिवस लागले. वाचताना मी निरोप बघत नाही. माफ करा, तुम्हाला घोर लागला.

धाकटा: सगळी वाचलीत?

मुंगी: पहिल्या ओळीपासून. ती पुसण्याची जागा काल सकाळीच सापडली. तिथे एक प्रश्न घातलाय. 'हो' म्हटल्याशिवाय ती पुढे जात नाही. पाठवलाय तुम्हाला, बघून घ्या.

धाकटा: तुमचे उपकार कसे...

मुंगी: उपकार कसले? कोड उघडा ठेवलात म्हणून दिसलं. बरं, फायली साठवायच्या भागात तुम्ही एक टीप लिहिलीय. 'हे का चालतं ते मला कळत नाही. कृपया हात लावू नये.'

धाकटा: अरे बापरे. ती काढायची राहिली. हसला असाल.

मुंगी: खूप हसले. पण ते का चालतं ते मला कळलंय.

धाकटा: काय सांगता! सहा वर्षं मी त्या ओळींना भिऊन आहे.

मुंगी: भिऊ नका. चांगलं जमलंय ते, तुमच्या नकळत. सविस्तर लिहून पाठवते. आणि छपाईचा भाग अर्धवट आहे. तो कोण करतंय?

धाकटा: कोण म्हणजे... मी एकटाच आहे हो.

मुंगी: मग तो मी घेते. तुम्ही आता त्यात शिरू नका, दोघांनी एकदम उकरलं तर पंचाईत होईल. रविवारी बोलू. ठेवते.

ताई: ठेवलासुद्धा! हुश्श. माझाच जीव भांड्यात पडला बघ. अरे, आता काय झालं रडायला?

धाकटा: काही नाही गं. वाचली कुणीतरी. पहिल्या ओळीपासून.

ताई: हं, हा रुमाल घे. आणि ते गिऱ्हाइकाचं अस्तर आहे, त्याला नाक लावू नकोस. तुझे भावोजी आतून विचारतायत, एवढा वेळ कुणाचा फोन होता. काय सांगू त्यांना?

धाकटा: सांग, एक बाई आहेत... माझ्याबरोबर काम करतात.