दत्तारामभाऊ आणि अठरा तिसऱ्या

...आणि वर म्युनिसिपालटीवाले आम्हालाच सांगतात, गटाराच्या वासाची सवय करून घ्या. तुम्हाला सांगतो, दोन हजार चार साली शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगला जो वास सुटला होता ना, तो गटाराचा नव्हता, विज्ञानाचा होता. दुसऱ्या मजल्यावरचे दत्तारामभाऊ, मूळचे रत्नागिरीचे, नुकतेच रिटायर झालेले. त्यांची मुलगी मृणालिनी समुद्रतळाच्या जिवांवर पीएचडी करत होती. तिच्या लॅबचं छत गळायला लागलं म्हणून बाईंनी खाडीतला चिखल काचेच्या दोन पेट्यांत भरून घरच्या गॅलरीत आणून ठेवला. दुसरा बाप असता तर ओरडला असता. पण भाऊ पडले समजूतदार.

सेक्रेटरीने विचारलं, "दत्तारामभाई, ये बास किसका है?"

"पीएचडी का," भाऊ म्हणाले.

मुलीने त्यांना समजावलं होतं. "बाबा, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. वाईट दिवस आले की त्यांची अंडी तळाच्या चिखलात झोपून राहतात, वर्षानुवर्षं. चिखलातल्या तिसऱ्या, आपण खातो त्या शिंपल्या, त्यांना खालीवर करतात. अंडं वर आलं तर फुटतं. खाली गाडलं गेलं तर हवेवाचून तसंच पडून."

"म्हणजे आमच्या ऑफिसातली फाईल."

म्हणून एका पेटीत नुसता चिखल, दुसरीत तोच चिखल आणि अठरा जिवंत तिसऱ्या. कुठे किती अंडी फुटतात ते सहा महिने मोजायचं. तिसऱ्या... रत्नागिरीकराच्या घरात... सहा महिने... नुसत्या बघायच्या. आता मला सांगा, परीक्षा नक्की कोणाची चालली होती? पण भाऊ पडले समजूतदार.

पाचव्या महिन्यात पोरगी चार दिवस गोव्याला, कसल्याशा सेमिनारला, भाऊंची बायको शुभदावहिनी बहिणीकडे. घरात भाऊ आणि त्या अठरा जणी. भाऊंनी नीट विचार केला बरं का. अभ्यास कशाचा? अंड्यांचा. तिसऱ्यांचा नाही. मग एकेक तिसरी त्याच पेटीत खळबळून धुतली, एकही अंडं वाया जाऊ नये म्हणून, आणि कालवणाला नारळ फोडला. समजूतदार म्हणजे किती!

मृणालिनी परत आली, पेटीत डोकावली. "बाबा, तिसऱ्या कुठायत?"

"अंडी सगळी आहेत," भाऊ म्हणाले.

ती खाली फरशीवरच बसली. तेव्हा कुठे भाऊंना कळलं की आपण पोरीची मेहनत जेवलोय. पोटही बिघडलं होतं, खाडी शेवटी भाईंदरची, पण ते दुखणं वेगळं.

आठवड्याने तिनेच हाक मारली. "बाबा, इकडे या. मायक्रोस्कोपमधून बघा." तिसऱ्यांच्या पेटीतल्या पाण्याच्या एका थेंबात पिल्लंच पिल्लं. तिसऱ्या अंडी खाली गाडत होत्या आणि जी फुटत होती त्यांची पिल्लं गिळत होत्या. भाऊंनी चिखल ढवळला, तिसऱ्या काढल्या, आणि इतके दिवस झोपलेली मंडळी उठून बसली.

गाईड मॅडम खूश. "तिसऱ्या मध्येच काढायची कल्पना कोणाची?" मृणालिनीने खरं ते सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एका पेटीने काही सिद्ध होत नाही. दहा पेट्या कर. सगळं पहिल्यापासून."

मग काय, दर रविवारी ओहोटीला भाऊ जेसल पार्कच्या खाडीत, गुडघाभर चिखलात, कंबर धरून तिसऱ्या वेचतायत, मुलगी काठावर उभी राहून मोजून घेतेय. एकदा मी विचारलं, "भाऊ, घरी आज काय बेत?"

"दुधी," ते म्हणाले.