तांदळातले देव

श्रीमती दमयंती मार्तंड पाठक, वय ६६, काम : निवृत्त शिक्षिका, राहणार वृंदावन कॉलनी, पहिला मजला, राहुरी, जि. अहिल्यानगर

विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. खालच्या मजल्यावर छगन म्हसे व त्यांची पत्नी मालनबाई राहतात. त्यांची शेती देवळाली प्रवरा शिवारात आहे. गावाला जाताना मी घराची किल्ली मालनबाईंकडे ठेवते, ही आमची फार वर्षांची रीत. आज सकाळी मी याच ठाण्यात छगन म्हसे यांच्यावर चोरीचा संशय सांगितला. तो माघारी घेण्यासाठी हा पुरवणी जबाब देत आहे.

नातवाच्या मुंजीसाठी मला मुलगी रुचा हिच्याकडे नगरला जायचे होते. निघायच्या तोंडावर स्वयंपाकघरातला नळ मानेतून गळू लागला. प्लंबर म्हणाला, "मुंज उरकून या, मग बघू." बाहेरचा व्हॉल्व्ह गंजलेला आहे, तो फिरत नाही. म्हणून मी सायकलच्या ट्यूबची पट्टी नळाला गुंडाळून सुतळीने आवळली. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. परंतु घर बंद असताना झुरळे वर येतात म्हणून मी सिंकच्या भोकात नेहमी कापडाचा बोळा कोंबते, तसा तो याही वेळी कोंबला. पट्टी सुटली तर पाणी जाईल कुठे, हे डोक्यात आले नाही. शाळेत मी मुलांना हौद आणि नळाची गणिते घालत असे.

घर बंद राहणार असले की पूजा होत नाही, म्हणून आमच्याकडे देव तांदळात ठेवतात. त्याप्रमाणे चांदीची अन्नपूर्णा व बाळकृष्ण तांदळाच्या डब्यात ठेवून डबा ओट्याखाली सरकवला.

किल्लीबाबत सांगते की, रुचा फोनवर म्हणाली, "आई, हल्ली किल्ली कोणाकडे ठेवायची नाही गं." मला ते पटले नव्हते, तरी ऐकले. जिन्यात मालनबाईंनी सवयीने हात पुढे केला, तेव्हा किल्ली रुचाने नेली आहे असे मी सांगितले. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. त्या म्हणाल्या, "बरं बरं. सावकाश जा."

मुंजीच्या दिवशी मालनबाईंचे फोन येत राहिले. खोटे उघडे पडले असावे या भीतीने मी उचलले नाहीत. नंतर उलट फोनही केला नाही.

आज परतले तर कुलूप तोडलेले आणि कडी दोरीने बांधलेली होती. डबा रिकामा होता, देव नव्हते. म्हसे यांच्या दाराला कुलूप होते. मी तडक ठाण्यात येऊन त्यांचे नाव घेतले. घरातली फरशी स्वच्छ पुसलेली होती आणि नळाला शेतातल्या ठिबक सिंचनाच्या नळीचा तुकडा घट्ट आवळलेला होता, हे मी पाहिले होते. हवालदारांनी विचारलेही, "बाई, चोरानं तुमचा नळ बांधून दिला का?" मला त्यांचाच राग आला.

छगनरावांना उसाच्या रानातून, मजुरांच्या देखत गाडीत घालून आणले. मागोमाग मालनबाई आल्या. त्यांच्या पदराखाली स्टीलचा डबा होता. आत माझे देव होते, पुसलेले, शेवंतीचे फूल वाहिलेले. त्या म्हणाल्या, "वरून पानी गळाया लागलं, आमच्या लाईटीच्या बोर्डात उतरलं. तुमाला लई फोन केले. मंग ह्यांनी कुलूप तोडलं. तांदूळ भिजून फुगलं हुतं, त्यात देव कसं ठिवायचं? घरी नेलं. रोज भाकरीचा निवद दावला. तुमच्या देवाला आमची भाकर चालती का न्हाई, ह्ये इचारायला बी फोन केल्ता."

मला फार लाज वाटते, असे लिहून घ्यावे. साहेब म्हणाले की जबाबात असले लिहीत नाहीत. तरी घ्यावे.

माझ्या घरातून काहीही चोरीला गेलेले नाही. नुकसान झाले ते म्हसे यांचे, आणि ते माझ्यामुळे. त्यांच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. त्यांना सोडावे.

वरील मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला. छगनराव व मालनबाई समोरच्या बाकावर बसून ऐकत होते. किल्लीचे वाक्य गाळायचे का, असे साहेबांनी हळूच विचारले. मी नको म्हणाले. त्यानंतर जे घडले तेही लिहावे असे मी सांगितल्यावरून लिहिले की, मी उठून मालनबाईंपुढे किल्ली धरली. त्यांनी हात पदरात घेतला आणि म्हणाल्या, "नगं बाई. रुचाताईकडंच ऱ्हाऊ द्या."

एवढे वाढवून पुन्हा वाचून घेतले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, त्यात खोटे काही नाही.

सही
दमयंती मार्तंड पाठक