घराखाली

नाही हो, चोरायबिरायला येत नाही ती. चोरण्यासारखं आहे काय तुमच्या त्या खांबांवरच्या घराखाली — मासे साफ करायचं टेबल आणि एक बर्फाची पेटी? नुसती बसून असते म्हणालात ना? बादली उलटी करून? मग ती युलाच. माझी बायको. तुम्ही कसं ओळखणार, घरविक्रीच्या सह्या झाल्या त्या दिवशी ती गाडीतून उतरलीसुद्धा नव्हती. — जरा अलीकडे या, मिस्टर केंट, त्या थडग्याला टेकू नका, चुना ओला आहे. माझे आईबाप आहेत त्यात. परवा सगळ्या संतांचा दिवस, फादर येऊन पाणी शिंपडतील, तोवर इथलं एकूण एक थडगं पांढरंशुभ्र दिसायला हवं, नाहीतर लोक म्हणतात, अमक्याची पोरं वाया गेली. दर वर्षी आम्ही दोघं मिळून करतो. यंदा ती म्हणाली, तुम्हीच करा.

रोज? रोज येते? — हो हो, माहितीय मला, म्हणजे... येत असेल. मला सांगते, मिस्सेला जाते, प्रार्थनेला. सकाळी आमची जुनी शेजारीण, रेनेला नावाची, ती गाडी घेऊन येते, दोघी चर्चला जातात, आणि मग ही दुपारपर्यंत परत येत नाही. मला वाटायचं, मिस्सेनंतर बसत असतील बायका गप्पा मारत. मी विचारलं नाही. कसं विचारणार — बोलते कुठं ती माझ्याशी? पण परतताना रेनेला तिला खाली नेत असेल हे माझ्या डोक्यातच नाही आलं. आमच्यात पूर्व-पश्चिम नसतं बघा, बायूच्या, म्हणजे या संथ खाडीच्या, वर नाहीतर खाली. खाली म्हणजे समुद्राकडे, तुमच्या घराकडे. आम्ही राहतो आता वर, पुतण्याच्या परसात, चाकांवरच्या घरात. घर कसलं, डबाच तो. खाली मी एकदाही गेलेलो नाही. बर्फ आणायलासुद्धा नाही.

तुमची भीती मला कळते. म्हातारी बाई, घसरली, हाड मोडलं, तर उद्या दावा लागायचा तुमच्यावर, आणि तुमचा तर विमाच नाही. रेनेलाने सांगितलं मला. तिला सगळं कळतं. आम्ही अशा माणसाला 'उघडा' म्हणतो — अमका यंदा उघडा राहिला, तमकी कधीची उघडीच आहे. पण तुमचं उघडं राहणं निराळं, राग मानू नका. तुम्ही रोख पैसे मोजून घर घेतलंत, सुट्टीत मासे धरायला. उद्या वादळाने नेलं तर हळहळाल आणि ह्यूस्टनला आपल्या घरी जाऊन जेवाल. आणि जिन्याचं म्हणाल तर निर्धास्त राहा. ती जिना चढायची नाही. त्या वरच्या घराशी तिचं काही देणंघेणं नाही.

अहो, ते घर आधी वर होतंच कुठं? जमिनीला टेकून होतं. ती बादली ठेवते ना, बरोबर तिथं तिचं स्वयंपाकघर होतं. ओट्यासमोर खिडकी आणि त्या खिडकीसमोर रेनेलाची खिडकी. इकडे ही कोळंबी सोलतेय, तिकडे ती भेंडी चिरतेय, आणि दोघींची तोंडं चालू. मी म्हणायचो, मधली भिंत पाडून एकच चूल मांडा ना बायांनो. बँकेचं कर्ज फिटलं तेव्हा आम्ही तो गहाणाचा कागद अंगणात जाळला, सगळ्या गल्लीला कालवं खाऊ घातली. युला त्या दिवशी नाचली होती. गुडघे दुखत होते तरी नाचली.

मग विम्याचा हप्ता चढायला लागला. दर वर्षी जरा जास्त, दर वर्षी जरा जास्त. विमा कचेरीतल्या बाई म्हणाल्या, मिस्टर नोलन, घर उचला, खांबांवर घ्या, पुराचं पाणी खालून जाईल. घर वर गेलं की हप्ता खाली येतो. सरकारी माणूस आला, तोही हेच म्हणाला. फादरसुद्धा म्हणाले. उचललं मग. काय काम केलं त्या माणसांनी! चारी कोपऱ्यांना जॅक लावून अख्खं घर इंच इंच वर नेलं, कपाटातला कप फुटला नाही. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. युला मात्र खालीच उभी, रिकाम्या जमिनीकडे बघत. मी म्हटलं, अगं वर बघ, वर. ती म्हणाली, आता रेनेलाशी बोलायचं तर ओरडायला लागणार.

पण उचलायला पैसा लागतो, पैसा बँक देते, आणि बँक म्हणते, कर्ज फिटेतो विमा हवाच. सोडायचा नाही. म्हणजे आम्ही मोकळे झालेलो, ते परत अडकलो. हप्ता खाली आला का? आला. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी आला. मग ते मोठं वादळ झालं. परत आलो तर पाणी घराखालून येऊन घराखालून गेलेलं, वर एक चटईसुद्धा भिजली नव्हती. मी रस्त्यावरच गुडघे टेकले. आणि पुढच्या महिन्यात पत्र — विमा कंपनीच बुडाली. घर नाही बुडालं, कंपनी बुडाली. हसा, हसा, मीही हसलो होतो. दुसरी कंपनी बघितली, तिने पुढच्या वर्षी गाशा गुंडाळला. मग उरते ती सरकारी, ज्यांना कुणी दारात उभं करत नाही त्यांना घेणारी. तिचा हप्ता तिप्पट. म्हटलं, जाऊ दे, राहू उघडे — तर बँक म्हणते, तुम्ही नाही काढला तर आम्ही काढू आणि तुमच्याकडून वसूल करू. तो त्याहून महाग. आधी बोट विकली. कोळंबीला तसाही भाव राहिला नव्हता, बाहेरून जहाजं भरभरून येते ती. बोट विकून दोन हप्ते भागले. मग विकायला घरच उरलं, आणि तुम्ही आलात.

आणि रेनेला? तिने काहीच केलं नाही. घर उचललं नाही, कर्ज काढलं नाही, वादळात फुटलेल्या छपरावर अजून निळी ताडपत्री फडफडतेय. पण आपल्या घरात आहे ना ती अजून? आहे. आम्ही शहाण्या माणसांचं ऐकलं ते वर डब्यात येऊन पडलो. याचं फार वाईट वाटतं मला, मिस्टर केंट. सोसत नाही कधी कधी.

युला भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला ती पहिल्यापासून तयारीची. पण सामान गाडीत चढवलं त्या दिवसापासून जी गप्प झाली ती झालीच. मीठ द्या, दिवा घालवा, पाऊस येतोय — संपलं. नावाने हाक नाही. माझ्यावर रागावलीय म्हणावं तर माझे कपडे इस्त्री करून ठेवते. रात्री मी खोकलो तर उठून पाणी देते. देते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. घर तुमचं झालं त्याचं दुःख आहेच हो, पण हे असं शेजारी झोपलेलं माणूस हरवणं, याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे.

तर फाटक बसवताय म्हणालात. कुलूप लावून. बसवा की. तुमचं घर, तुमचा हक्क, मी कोण नाही म्हणणार? तुम्ही आधी मला शोधत इथवर आलात, दुसरा असता तर सरळ शेरीफला फोन केला असता. मी सांगतो तिला. आज जेवताना सांगतो. सांगतो की, युला, उद्यापासून तिथं... बघू. कसं ते बघतो.

मांजर? कसलं मांजर? नाही, आमचं काही राहिलेलं नाही तिथं. आम्ही जन्मात मांजर पाळलं नाही, युलाला शिंका येतात. — हाका मारते? कुणाला? सकाळी? तुम्हाला वर फळ्यांतून ऐकू येतं? काय म्हणते, परत सांगा. परत. तुमचे उच्चार मला कळत नाहीत, हळू म्हणा.

गूजॉन.

आणि तुम्ही त्या मांजरासाठी बशीत दूध ठेवलंत. ठेवलंत ना? माणूस चांगले आहात तुम्ही. — नाही, मला काही झालं नाही. चुना गेला डोळ्यात. गूजॉन मांजर नाही, मिस्टर केंट. मासा आहे. मोठ्या तोंडाचा, तळाशी चिखलात पडून असतो. आणि मी. कागदावर मी नोलन लिरेट, पण इथं प्रत्येकाला एक घरचं नाव असतं, लहानपणी कुणीतरी चिकटवलेलं. मला गूजॉन म्हणणारे बाकी सगळे इथं या चुन्याखाली झोपलेत. एकटी तीच उरलीय.

पुढे काय म्हणते? कॉफी निवतेय. असंच? 'गूजॉन, कॉफी निवतेय'? — मी पहाटे बोट धक्क्याला लावायचो ना, तेव्हा ती त्या खिडकीतून अशीच हाक मारायची. मी जाळं आवरता आवरता ओ द्यायचो. उशीर झाला तर दुसरी हाक, जरा चढ्या आवाजात. आता हाक मारून काय करते? थांबते? किती वेळ थांबते? — नका. नका सांगू.

फाटक बसवा तुम्ही. फक्त उद्या नको. उद्या मी खाली येतो. रस्त्याने नाही, धक्क्याच्या बाजूने येईन. तुम्ही वरच राहा आणि मेहेरबानी करून खिडकीतून बघू नका. ती हाक मारील आणि मी ओ देईन. मग घेऊन जाईन तिला. परत आम्ही दोघं दिसायचो नाही तुम्हाला.

जा आता. नाही, काही बोलू नका. जा.