सिंहाकडं पाठ करून

— न्हाय, म्हणजे खोली बघायला आलात ना, मग खोली बघा की. मघाशी मागं नेऊन दाखवली, तर तुम्ही दारातनं मान आत घातली नि 'बरी हाय' बोललात. पाणी किती वेळ येतं विचारलं न्हाय, संडास कुठं ते विचारलं न्हाय. आणि माझ्या घरात मात्र सारख्या डोकावता. बसा. बसा हो, मी काय हाकलत न्हाय. काल्हेरात गोडाऊनं झाल्यापासून खोलीला गिऱ्हाईक रोज येतं, पण खोली कुणाला पायजे आणि मुलगी कुणाला बघायचीय, हे ह्या आक्काला माणूस पायरीवर चप्पल काढतो तेव्हाच कळतं. तुम्ही अंजूरच्या पाहुण्यांकडनं आलात. — मान हलवू नका. भिवंडीच्या धामणकर नाक्यावरनं शेअर रिक्षानं आले म्हणता. अंजूर हितनं हाकेवर, तिकडच्या माणसाला नाक्यावर जायचं कारणच काय? कारण हेच, की आक्काला संशय येऊ नये. मुलीकडची चौकशी अशीच करतात, मी पण केलीय. माझ्या भाविकच्या लग्नाच्या वेळेला कासारणीबरोबर तिची टोपली धरून त्याच्या सासरी गेली होती मी, चुलीपर्यंत बघून आली. त्यात वाईट काय न्हाय. फक्त तो डावा हात पदरातनं बाहेर काढा. आजकाल मोबाईलमधी बोलणं भरून घेतात. — न्हाय काढत? राहू दे मग. मी बोलणार ते कुणाला पण ऐकवा, मला भीती न्हाय.

ठमाबाईनं सांगितलं असणार, ती समोरची. आक्काची दिपाली आफ्रिकेत टूरवाल्या पोराबरोबर फिरली म्हणून. फिरली म्हणजे काय हो? वाघसिंहांच्या रानात कोण कुणाबरोबर फिरतं? गाडीतनं पाय खाली टाकायची बंदी. भाविकनं पाठवलं आम्हाला, माझ्या मुलानं. बोलला, आई, बाबा गेल्यापासून तू उंबरा ओलांडला न्हाईस, दिपालीचं लग्न झालं की ती पण जाईल, दोघी जाऊन या. केनिया. सगळी आपलीच मराठी माणसं, जेवायला वरणभात, आणि सांभाळायला मनोज नावाचा टूर मॅनेजर. पडघ्याच्या पुढं कुठल्यातरी खेड्यातला, कुणब्याचा. आमच्यातला न्हाय. म्हातारीकोतारी त्याला बाळा बाळा करायची, कुणाच्या गोळ्या, कुणाचं गरम पाणी, सगळं तो बघायचा. पहिले दिवस मला काय दिसलं न्हाय. — खोटं कशाला बोलू, दिसलं, पण मनावर घेतलं न्हाय. जे झालं ते शेवटच्या तीन दिवसांत. झालं म्हणजे, झालं काहीच न्हाय. तेच तर सांगतेय.

आम्ही तंबूत राहायला होतो. आणि मी बॅगेत सुके बोंबील नेलेले. हसा, हसा. वरणभात किती दिवस गिळणार माणूस? प्लास्टिकच्या चार पिशव्यांत बांधून, वर दिपालीचे ड्रेस घालून नेलेले. तर दुपारी आम्ही जेवायला गेलो आणि माकडं तंबूची चेन फाडून आत. ही एवढाली, कुत्र्याच्या तोंडाची. दिपालीचे ड्रेस झाडावर, बोंबील माकडांच्या हातात, सगळी टूर बघायला गोळा. मनोज काठी घेऊन धावला, ड्रेस एकेक करून झाडावरनं काढले, घड्या घालून दिले. आणि मला हळूच बोलला, आक्का, उरलेत का थोडे, चुलीवर भाजायचे काय? आता मला सांगा, बोंबील होते हे ह्याला कसं कळलं? म्हणे वासावरनं, त्याची आई पावसाळ्यात तसेच भाजते. मला न्हाय पटलं. माझ्या लेकीनं सांगितल्याशिवाय कळणार कसं? मग ध्यान ठेवलं मी. डोळ्यात तेल घालून.

दुसऱ्या दिवशी सिंह दिसला. एवढे दिवस सगळे त्याच्यासाठी जीव टाकत होते, आणि हा गवतातनं उठून आमच्या गाडीच्या अगदी बाजूनं चालत आला, बायको मागं, पोरं तिच्यामागं. सगळे सिंहाला बघत होते, आणि मी सिंहाकडं पाठ करून ह्या दोघांना. पुढच्या सीटवर. त्यानं आपली दुर्बीण दिपालीला दिली, तिनं त्यातनं बघितलं, परत त्याला दिली, एक शब्द न्हाय, हाताला हात लागला न्हाय. पण ती हसत होती हो. माझी दिपाली. तिचे बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी बघितली नव्हती. आणि मला काय व्हायला पायजे होतं, आनंद? मला धडकीच भरली. एवढा खर्च करून गेली, पण तुम्ही विचाराल सिंह कसा असतो, तर मला सांगता येणार न्हाय.

मग शेवटचा दिवस. निघताना रानाच्या फाटकाशी तिकडच्या बायका मण्यांचे दागिने घेऊन बसतात. सगळ्यांनी लाल घेतलं, निळं घेतलं, भडक भडक. मनोज एका म्हातारीपाशी खाली बसला, आणि तिच्याकडनं मनगटावरची रुंद पट्टी अख्खी हिरव्या मण्यांची करून घेतली. दुसरा रंग मधी आला की उसवायला लावायचा. हातानं मापसुद्धा दाखवलं, एवढी मोठी पायजे म्हणून. मी मागं उभी. बोलली, कुणाला रे बाळा? तर लाजला. घरी, बोलला. बस, घरी. आता बाई, तुम्ही पण बाईमाणूस, तुम्हीच सांगा, पुरुष हिरवं कुणासाठी घेतो? हिरवा चुडा कुणाच्या हातात असतो? बायकोच्या! म्हणजे घरी बायको ठेवून हा माझ्या पोरीला दुर्बीण देतो. मी विमानतळावर दिपालीला बाजूला घेतली आणि सांगितलं, त्याचं लग्न झालंय, त्यानंच मला सांगितलं. — सांगितलं नव्हतं त्यानं, पण त्याचा अर्थ तोच ना? हिरवी पट्टी तिनं पण बघितलेली, त्यामुळं तिला पटलं. त्या दिवशी पण त्याची दुर्बीण तिच्याकडंच होती, ती जाऊन त्याच्या सामानावर ठेवून आली. तो तिकीट हातात घेऊन तिला काहीतरी विचारत होता, ती थांबली न्हाय. संपलं. एवढंच. जा, सांगा अंजूरला, मुलगी धुतल्या तांदळासारखी हाय.

आता गप्प असते ती, ते काय, मुली असतातच. जेवते. म्हणजे पानावर बसते. दोन स्थळं आली, ती न्हाय म्हणाली न्हाय, हो म्हणाली न्हाय, तुला पटेल तिथं दे बोलली. मला असं कुणी बोललेलं आवडत न्हाय. भांडली असती तर मी पण भांडली असती. परवा भाविक सिंहाचे फोटो दाखवायला लागला, तर उठून गेली. फोन येतात कुणाचे तरी घरी, मी उचलला की बंद. मी आता फोनच काढून ठेवलाय. — तुम्ही का डोळे पुसता? तुमचं काय जातंय? चौकशीला येऊन रडणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

ये दिपाली, आण पाणी. ह्यांना दे. घ्या हो, तांब्या जड हाय, एका हातानं न्हाय धरता येणार, दोन्ही हात लावा —

— हे काय हाय हातात?

हिरवंच हाय ना ते. मण्यांचं. बांगड्यांच्या मागं चढवलंय. — म्हणजे घरी म्हणजे... थांबा. तुम्ही अंजूरच्या न्हाय. पडघ्याकडनं आलात तुम्ही, म्हणून तो नाका लागला. आणि बोंबील चुलीवर भाजणाऱ्या... अहो, मग आधीच का न्हाय बोललात? बोलू कधी दिलं मी तुम्हाला, खरं हाय. पण आईच्या हातात हिरवं असतं हे मला कसं सुचलं न्हाय हो? कसं सुचणार? हे बघा माझे हात. भाविकचे बाबा गेले तेव्हापासून मोकळेच हायत. माझी पोरं आईचे हात असेच बघतात, मला वाटलं सगळ्यांच्याच आईचे असतात.

दिपाली. तांब्या खाली ठेव, सांडतंय. आत जा. — न्हाय. थांब. जाऊ नको. बस त्यांच्याजवळ. मी... मी चहा टाकते.