गोदाचा ताळा

हॅलो? … व्हय, मीच बोलते. सांडू? अरे, कुठं आहेस? … मुकुंदवाडीत? गोदाच्या गणिताच्या सरांच्या घरी? … अन् हे ओरडतंय कोण?

हातात काय आहे तुझ्या? … कोयता? टाक तो आधी. … अरे ऐक ना, तुझी माय सांगते, टाक.

हो, हो… पाहिलंय मी. प्लास्टर घालताना मीच धरून बसले होते तुझ्या पोरीला. सरांनी डस्टरच्या लाकडानं मनगट मोडलं, मला काय ठाऊक नाय?

काय? … गणित बरोबर होतं का? … म्हणजे बरोबर असलं तर सरांचा हात तोडणार, अन् चुकलं असलं तर सोडणार? हा कुठला इन्साफ रे?

व्हय, ताळा रोज मीच करते. अवयव पाडणं मला जमत नाय, ते गोदाच करते. दोन कंस करते, दोन मुळं काढते. मी नुसतं मूळ एक्सच्या जागी ठेवते अन् चिंचोक्यांनी मोजते. शून्य उरलं की बरोबर. साठीत अक्षर शिकलेली बाई मी, तिनंच शिकवलं.

कोणतं गणित? … एक्स वर्ग, वजा सात एक्स, अधिक बारा. व्हय, तेच. गोदानं मुळं काढली तीन अन् चार. … अन् सर काय म्हणतात? उणे तीन, उणे चार? कंसात उणे दिसतं म्हणून? … गोदा फक्त म्हणाली, "सर, ठेवून बघा"? एवढ्यावर मारलं?

थांब, आठवू दे जरा…

सारजाबाई, इकडं या! हळू बोला, फोनवर हात ठेवलाय मी. तुमच्या फोनवरून पोलिसांना लावा. पोरीचं बरोबरच आहे हो, पण या पेटलेल्याला सांगू कसं?

सांडू, ऐक. चुकलं होतं. … व्हय, गोदाचंच. ताळा जुळला नव्हता. … शपथ? घेते. तुझी शपथ. … सोड त्यांची गचांडी. कोयता खाली ठेव. … ठेवला? बस. आता निघ तिथून.

कोण रडतंय? … गोदा? तिला कशाला नेलंस रे तिथं? … फोन स्पीकरवर लावलाय? तिनं सगळं ऐकलं?

गोदा… बाई, घरी ये, मग बोलू. … आता नको गं करून दाखवू. … तीन त्रिक नऊ, कळलं मला, गप बस. … सात त्रिक एकवीस… गोदा, पाया पडते तुझ्या… बारा मिळवू नको, बाई, मिळवू नको…

सांडू! उचलू नको! … सर, पळा, पळा…

हॅलो? … गोदा? … हॅलो?