सुलक्षणाच्या चाळीस पुंगळ्या

…नाही, मला तुम्हीच सांगा, रिकामी पुंगळी घासायला परवानगी लागत नाही, उन्हात वाळवायला लागत नाही (ऊन इथं वर्षातून चार दिवस पडतं तो भाग वेगळा), बिस्किटाच्या डब्यात घालून उशाशी घेऊन झोपलं तरी आयर्लंड सरकार विचारायला येत नाही, मग तीच पुंगळी घरी बसून परत भरतो म्हटलं की माणसांचे चेहरे असे का होतात? जणू मी डब्लिन ताब्यात घ्यायला निघालोय. अहो, चाळीस पुंगळ्या. चाळीसच. एक्केचाळिसावी मी मागितलेली नाही.

पुंगळी म्हणजे काय, तर गोळी उडून गेल्यावर मागं उरते ती पितळी नळी. चौतीस वर्षं पेपरात क्राइम केलं, हजार वेळा लिहिलं असेल, ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या आढळल्या’. त्या पुंगळ्यांचं पुढं काय होतं, हे कधी कुणाला विचारलं? नाही विचारलं. पुढं सांगतो ते.

या पुंगळ्या माझ्या बायकोनं मारलेल्या गोळ्यांच्या. सुलक्षणाच्या. सात वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलाकडे, डब्लिनच्या टॅला उपनगरात राहायला आलो. सुश्रुत चेरीवूडला ऑफिसात, सून हॉस्पिटलात, आणि आम्ही दोघं खिडकीत बसून समोरच्यांचे कचऱ्याचे डबे बघतोय. काळा कधी, हिरवा कधी, ब्राऊन कधी, सगळं पाठ झालं. मग सुश्रुतच्या ऑफिसची सहल निघाली, विकलोच्या डोंगरात एका शूटिंग क्लबला, तिथं ही म्हणाली, ‘मी कॉलेजात एनसीसीत होते, रायफल मारायचे.’ बत्तीस वर्षांचा संसार, तुम्हाला सांगतो, मला हे माहीत नव्हतं. आता मी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही, का तिनं सांगितलं आणि मी ऐकलं नाही… असो. पंजाबी ड्रेस, वरून माझा स्वेटर, कपाळाला टिकली, आणि बाईनं पाचच्या पाच गोळ्या मधल्या काळ्या गोलात घातल्या. क्लबचा सर्वेसर्वा डेसी, सत्तरीचा माणूस, त्यानं टोपी काढली. ‘ग्रँड,’ म्हणाला. हे लोक वादळ आलं तरी ग्रँडच म्हणतात, पण टोपी काढत नाहीत.

झालं, दर रविवारी क्लब. आणि मी? मी ड्रायव्हर. ती आत, मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत, मांडीवर पेपर. ‘अहो, आत या ना.’ ‘तुझं चालू दे.’ ‘एकदा बघा तरी.’ ‘अगं, पोलिसांच्या फायरिंग रेंजवर मी पन्नास वेळा गेलोय, मला काय दाखवतेस?’ सहा वर्षं हा संवाद. एक शब्द बदलला नाही.

शेवटचा रविवार फेब्रुवारीतला. ती आली, दार उघडून बसली, मांडीवर शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा. म्हणाली, ‘चाळीस मारल्या. चाळीसही काळ्यात. डेसीनं पुंगळ्या दिल्यात, आठवण म्हणून.’ मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘बरं. निघू या, ट्रॅफिक लागेल.’ रविवारी दुपारी, विकलोच्या डोंगरात, कुठला ट्रॅफिक हो? मेंढ्यांचा?

एप्रिलमध्ये पोट दुखायला लागलं. जूनमध्ये गेली. स्वादुपिंड. मी डॉक्टरांशीसुद्धा धड भांडू शकलो नाही, इतका कमी वेळ दिला.

तर सांगायचं ते हे, की महिन्याभरानं आवाज लागू नये म्हणून ती कानांवर चढवायची ते क्लबचे मोठे गोळे परत करायला क्लबला गेलो, दारातच उभा होतो, तर इंग्लंडहून आलेला एक पाहुणा काउंटरवर टेकून कुणाला तरी सांगत होता, ‘ब्रास चांगलं असलं तर तीच पुंगळी मी पाच-सहा वेळा भरतो, घरीच, गॅरेजमध्ये.’ तीच पुंगळी. परत. घरी. मी तिथल्या तिथं मागं फिरलो. गोळे तसेच हातात. म्हणजे या चाळीस परत भरता येतील? परत उडवता येतील? कुणीही उडवू दे, डेसी उडवू दे, मी मागं उभा राहीन. गाडीत नाही. मागं. वर्षश्राद्धाला गुरुजी पुण्याहून झूमवर येणारच आहेत, ते त्यांचं त्यांचं. मला त्या चाळीस गोळ्या बघायच्या होत्या. एक्केचाळिसावी मी मागितलेली नाही.

सुरुवात केली. पहिली पायरी, पितळ साफ करणे. त्यासाठी इथं एक गरगर फिरणारं यंत्र मिळतं. मी म्हटलं, पितळ घासायला मला यंत्र शिकवता? इंडियन दुकानातून पितांबरी आणली, चिंच भिजवली, जुना टूथब्रश घेतला, आणि किचनच्या सिंकमध्ये चाळीस पुंगळ्या अशा लखलखीत केल्या की देवघरात ठेवाव्यात. करंगळीच्या नखाएवढ्या हो त्या. एकेक घासायला पाच मिनिटं. इतका वेळ मी तिच्या कुठल्याही गोष्टीला कधी दिला नव्हता.

तेवढ्यात सुश्रुत खाली आला, हातात लॅपटॉप. आवाज अगदी हळू. ‘बाबा, तुम्ही यावर काय शोधलंत?’ ‘घरी काडतूस कसं भरावं.’ ‘हा ऑफिसचा लॅपटॉप आहे.’ ‘बरं मग?’ ‘बाबा, माझी सिटिझनशिपची फाइल सरकारकडे आहे.’ मी म्हटलं, ‘अरे, मी चोरून थोडंच करतोय? उद्या सकाळी पोलिसांत जाऊन स्वतः सांगणार आहे.’ तर तो जिन्याच्या पायरीवर बसलाच. पाणी दिलं त्याला.

गेलो ठाण्यात. काउंटरला पंचविशीची पोरगी. ‘घरी भरायच्यात? कुणाच्या घरी?’ ‘मुलाच्या.’ ‘घरात कुठं?’ ‘वॉशिंग मशिनशेजारी.’ तिनं पेन खाली ठेवलं. ‘तसं घरी नाही हो करता येत. त्यात दारू येते, ते स्फोटक झालं.’ मी म्हटलं, ‘बाळ, तुझ्या वयापेक्षा जास्त काळ मी पोलीस ठाण्यांत काढलाय. कुठलं कलम? लेखी दे.’ तिनंच उलट विचारलं, ‘तुमच्याकडे बंदूक आहे?’ ‘नाही.’ ‘लायसन्स?’ ‘नाही.’ ‘मग भरून करणार काय?’ ‘बघणार.’ ‘काय बघणार?’ आता सांगावंच लागलं. डबा, फेब्रुवारी, जून, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’ इथं कुणाचं माणूस गेलं की असंच म्हणतात. पण भांडायला आलेल्या माणसाला असं म्हणू नये हो. कमिशनरच्या केबिनमधून ज्याला चौघांनी उचलून बाहेर काढलं होतं, तो मी, तिथून मुकाट बाहेर आलो.

मुकाट म्हणजे घरापर्यंत. घरी येऊन सात पत्रं लिहिली. खात्याला, मंत्र्याला, आमच्या भागाच्या खासदाराला. सातही ठिकाणांहून उत्तर, ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.’ अरे, नोंद कसली घेता? चाळीस आहेत, एक्केचाळिसावी मी मागितलेली नाही.

आणि मग डेसीचा फोन. गावभर पत्रं गेल्यावर त्याच्या कानावर जाणारच. तो मला ‘मिस्टर सुला’ म्हणतो, माझं नाव त्याला कधी कळलंच नाही. ‘मिस्टर सुला, रविवारी ये. डबा घेऊन ये.’ मला वाटलं, झालं काम, परवाना असलेला कुणीतरी गाठला यानं.

गेलो. त्यानं डबा उघडला, चष्मा लावला, एक पुंगळी उचलली आणि उलटी केली. म्हणाला, ‘किती चमकवल्यास रे.’ मग म्हणाला, ‘ही भरता येत नाही.’ मी म्हटलं, ‘कायदा मी बघतो.’ ‘कायदा नाही. कुणालाच येत नाही. मोठ्या रायफलची असती तर तिच्या बुडाशी मधोमध एक टिकली असते, ती काढून दुसरी बसवता येते. ही छोटी, पॉइंट टू टू. हिचा मसाला या काठातच भरलेला असतो. एकदा घाव बसला, काठ चेपला, संपलं. हे बघ.’ आणि त्यानं बोट ठेवलं. प्रत्येकीच्या काठावर एक बारीक खोच. चाळीस वेळा टूथब्रश फिरवला होता त्या खोचेवरून. म्हणाला, ‘ही एकदाच असते. मला विचारलं असतंस तर एका मिनिटात सांगितलं असतं.’

विचारलं असतंस तर. चौतीस वर्षं नव्या पोरांना मी एकच शिकवलं, दारात उभं राहून ऐकलेल्यावर बातमी करू नका, आत जा, माणसाला विचारा. आणि इथं सरकार हलवलं, पोराची झोप घालवली… आत जाऊन विचारलं नाही.

कोपऱ्यात हीटर होता, त्याच्या शेजारी एक खुर्ची, मोकळी, मी बसायला गेलो. तर एक दांडगा माणूस धावत आला. ‘तिथं नको, ती राखीव आहे.’ खुर्चीवर एक रुमाल. पांढरा, कडेला निळी वेलबुट्टी. सुलक्षणाचा रुमाल मी ओळखणार नाही होय? डेसी म्हणाला, ‘अरे, हाच तो. बसू दे.’ मग मला म्हणाला, ‘दर रविवारी आल्याबरोबर ती आधी हा रुमाल इथं टाकायची. आम्हाला वाटायचं, तुमचं काही धार्मिक असेल. एकदा विचारलं, तर म्हणाली, मिस्टर बाहेर आहेत, येतीलच. शेवटच्या दिवशी रुमाल विसरली. आम्ही कुणी उचलला नाही.’

एसटीत टाकतात तसा रुमाल हो. सहा वर्षं. हीटरशेजारची जागा.

आता दर रविवारी जातो. रुमाल घडी करून खिशात ठेवतो आणि बसतो. खुर्ची भिकार आहे, तुम्हाला सांगतो, एक पाय आखूड, डुगडुगते, पाठीत खिळा टोचतो… पण तक्रार करायची कुणाकडे? जागा धरणारी बाई निघून गेली.